वाईचा ठेवा वाईतच राहावा : स्थानिक इतिहास संग्रहालयाच्या मागण्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हा सातारा

विषय : वाई येथे नागरिकांनी चालवलेल्या स्थानिक इतिहास संग्रहालयास कायमस्वरूपी जागा, वस्तूंची अधिकृत नोंद आणि जतनासाठी तांत्रिक साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे वाईचे नागरिक आणि शहरातील स्थानिक इतिहास संग्रहालयाचे स्वयंसेवक आपणांस पुढील निवेदन सविनय सादर करीत आहोत.

आमच्या संग्रहालयात पगारी कर्मचारी नाहीत. निवृत्त शिक्षक, दुकानदार, गृहिणी आणि महाविद्यालयातील मुलेमुली आळीपाळीने दार उघडतात, झाडलोट करतात, आलेल्यांना माहिती सांगतात आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी जातात. एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, मालकांनी भाडे न घेता दिलेल्या दोन खोल्यांत हे काम चालते. तो वाडा आता पाडून तेथे नवी इमारत होणार आहे. मालकांनी आजवर केलेले साहाय्य मोठे आहे आणि त्यांच्याविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. पण वाडा उतरला की हा संग्रह उघड्यावर पडेल. म्हणून आम्ही आपल्याकडे आलो आहोत.

वाई आणि तिचे कागद

कृष्णाकाठचे सात घाट, १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहायला लोक लांबून येतात. १६५९ साली अफजलखानाची छावणी वाईला होती आणि येथूनच तो प्रतापगडाकडे निघाला. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले आणि विनोबांनीही काही काळ येथे अध्ययन केले. मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या मराठी भाषेला ज्ञान पुरवणारे हे गाव आहे. त्याने स्वतःचे जुने कागद आणि वस्तू सांभाळण्यासाठी मात्र एक पक्की खोली अजून उभी केलेली नाही.

वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यातील पानिपतच्या मोहिमेसंबंधीची पत्रे वाईतल्या एका घरातील जुन्या कागदांत मिळाली होती. ती वेळेवर एका जाणत्या माणसाच्या हाती लागली, म्हणून वाचली. जी दप्तरे अशा हाती लागली नाहीत, त्यांचे काय झाले हे जुन्या वाईकरांना ठाऊक आहे. कुणी बंबात घातली, कुणी रद्दीत दिली, तर काही माळ्यावरच्या वाळवीने संपवली.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेला अमोल संग्रह साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात होता. नाना फडणविसांच्या मेणवली दप्तराचे कागदही पारसनिसांच्या संग्रहात होते. १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तेथे त्याची निगा चांगली राहिली आणि अभ्यासकांनी त्याचा उपयोग केला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु वाईच्या शाळेतील मुलीला आपल्या गावाचा कागद पाहायचा असेल, तर तिला पुणे गाठावे लागते. जपणूक चांगली झाली, पण वस्तू आणि तिचे गाव यांची ताटातूट झाली. पुढच्या काळात अशी ताटातूट न होता जपणूक व्हावी, हेच या निवेदनाचे सार आहे.

संग्रहात काय आहे

आमच्याकडे राजेरजवाड्यांची शस्त्रे नाहीत, रत्ने नाहीत. घराघरांतून लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू आहेत : लाल बासनात बांधलेल्या पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, पेढीच्या कीर्दखतावण्या, बोरू, दौती आणि शाई टिपायच्या वाळूच्या डब्या, पायली, शेर, अधोली ही मापे, मोटेचे साहित्य, दगडी जाती, जुनी कुलुपे, घाटांची आणि कृष्णाबाईच्या उत्सवाची छायाचित्रे. धोम धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या कुटुंबांनी दिलेल्या वस्तूही आहेत. उंबऱ्याचे लाकूड किंवा देवळातली समई बाजारात किती रुपयांची, हे विचारण्यात अर्थ नाही. ज्या गावाची वेस आज कुणी दाखवू शकत नाही, त्या गावाचा तेवढाच पुरावा उरला आहे.

सामान्य माणसाचा इतिहास याच वस्तूंत असतो. लढायांच्या तारखा पुस्तकांत मिळतात. दुष्काळात धान्य कोणत्या भावाने विकले गेले, सुतार-लोहारांना बलुते किती मिळे, हळदीचा आणि गुळाचा व्यवहार कसा चाले, हे मात्र अशा कीर्दीतूनच कळते.

स्वयंसेवकांची मर्यादा

वस्तू गोळा करणे, पुसणे, मांडणे आणि समजावून सांगणे हे आम्ही केले आणि पुढेही करू. कडुलिंबाचा पाला आणि वेखंड घालून आम्ही पोथ्या जपतो. पण कृष्णाकाठच्या पावसाळ्यातली ओल, कसर आणि वाळवी यांना तेवढे पुरत नाही. बुरशी धरलेला कागद उन्हात टाकला तर तो ठिसूळ होतो, हे ज्ञान शास्त्रशुद्ध प्रशिक्षणानेच येते. स्वयंसेवक वयस्क होतात, मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात. ज्या संस्थेला कायमची जागा, अधिकृत नोंदवही आणि शासनाचा आधार नाही, ती तिच्या संस्थापकांबरोबरच संपते. लोकांनी आमच्यावर ठेवलेला विश्वास आमच्या आयुष्यापेक्षा जास्त काळ टिकला पाहिजे.

असे घडू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून आणि गावच्या पांढरीतून मिळणाऱ्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्येच आहे. प्राचीन तेर म्हणजे 'तगर' समजून घ्यायला आलेला अभ्यासक तेरलाच येतो आणि वस्तू जिथे सापडल्या ती जमीनही पाहतो. आपल्याच जिल्ह्यात औंधला १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संग्रहालय उभारले आणि एका लहान गावाचे नाव कलाजगतात पोहोचवले.

आमच्या मागण्या

१. कायमस्वरूपी जागा : वाई शहरातील वापरात नसलेली शासकीय किंवा नगरपरिषदेच्या मालकीची एखादी इमारत संग्रहालयासाठी नाममात्र भाड्याने व दीर्घ मुदतीच्या कराराने द्यावी. जुनी दगडी इमारत मिळाल्यास तिचीही निगा राहील. जागा पूररेषेबाहेर असावी. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचा लोंढा फुटावा म्हणून मत्स्याकार बांधलेली आहे; अठराव्या शतकातल्या बांधकाम करणाऱ्यांनी कृष्णेचा जेवढा विचार केला, तेवढा आपणही करावा. पक्की जागा मिळेपर्यंत संग्रह ठेवण्यासाठी एक कोरडी, बंदिस्त खोली तातडीने उपलब्ध करून द्यावी.

२. वस्तूंची अधिकृत नोंद : पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार साधारणपणे १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावशेषांत मोडतात, त्यांतील ठरावीक प्रकारांची नोंदणी आवश्यक असते. सर्वसामान्य कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि ठाऊक झाले की भीती वाटते. म्हणून नोंदणी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत वाईत नोंदणी शिबिर घ्यावे आणि आमच्या संग्रहाची छायाचित्रांसह शासकीय पडताळणी करून द्यावी.

३. जमिनीत सापडणाऱ्या वस्तू : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. पाया खणताना किंवा नांगरताना नाणी, मूर्ती, खापरे निघतात. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून ती लपवली जातात किंवा दलालाच्या हाती जातात. काय करावे आणि कुणाला कळवावे, हे सोप्या मराठीत सांगणारे एक पानी पत्रक तलाठी, पोलीस पाटील व ग्रामपंचायतींमार्फत पोहोचवावे. शासनजमा झालेल्या स्थानिक वस्तू, मालकी शासनाची ठेवून, शक्य तेथे तालुक्यातच प्रदर्शित कराव्यात.

४. जतनासाठी तज्ज्ञ : पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तज्ज्ञांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, संग्रहाची पाहणी करावी. सातारा येथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आमच्या स्वयंसेवकांना हाताळणी, साठवण आणि नोंदवहीचे प्रशिक्षण मिळावे.

५. मोडी वाचन आणि डिजिटल प्रती : पुराभिलेख संचालनालयामार्फत वाईत मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घ्यावेत. रुमाल उघडून वाचणारी माणसे तयार झाली नाहीत, तर जपलेला कागदही मुकाच राहील. ज्या कुटुंबांना मूळ कागद द्यायचे नाहीत, त्यांच्या घरी जाऊन प्रती काढण्यासाठी स्कॅनर व संगणक मिळावेत.

६. बाहेर गेलेल्या साधनांच्या प्रती : शासकीय अभिलेखागारे आणि संशोधन संस्था यांच्याकडील वाई व मेणवलीसंबंधी कागदांच्या डिजिटल प्रती या संग्रहालयात अभ्यासासाठी मिळाव्यात, यासाठी आपण संबंधितांना पत्र द्यावे. निवडक मूळ वस्तू ठरावीक मुदतीसाठी उसन्या मिळाव्यात. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे याच पद्धतीने साताऱ्यात आली आणि ती पाहायला लोकांनी गर्दी केली. लंडनहून सातारा हे अंतर शासनाने पार करून दाखवले आहे. पुण्याहून वाई त्याहून खूप जवळ आहे.

७. धोमच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण : धरणात गेलेल्या गावांत वाढलेली माणसे आता थकली आहेत. त्या गावांतील देवळे, जत्रा, पाणंदी, बलुतेदारी आणि गाव सोडतानाचा काळ यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवण्याचा प्रकल्प तातडीने हाती घ्यावा आणि पुनर्वसनाच्या शासकीय कागदपत्रांतील गावनकाशांच्या प्रती त्याला जोडाव्यात. इतर मागण्यांना विलंब झाला तरी त्यांची भरपाई होऊ शकेल. या मागणीची होणार नाही.

८. निधी : आपण जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आहात. समितीच्या निधीतून कपाटे, अग्निशमन साधने, वीज आणि सुरक्षा यांसाठी तरतूद व्हावी. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेसाठी आमच्या प्रस्तावाची शिफारस करावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार वार्षिक अनुदान मिळू लागले आणि वाचन चळवळ तगली. लोकांनी चालवलेल्या छोट्या संग्रहालयांसाठीही तशी वर्गवारी व अनुदान असावे, असा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा.

९. विद्यार्थी आणि पर्यटक : तालुक्यातील शाळांच्या वार्षिक सहलींत या संग्रहालयाचा समावेश व्हावा. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी वाहने वाईतून पसरणी घाट चढतात. त्यांतील प्रवाशांसाठी मुख्य रस्त्यावर दिशादर्शक फलक लावावेत.

आमची हमी

मागण्यांबरोबर आम्ही जबाबदारीही लेखी स्वीकारतो. संग्रहालय सार्वजनिक न्यास म्हणून काम करील आणि दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब जाहीर करील. वस्तूंची नोंदवही कोणाही नागरिकाला पाहता येईल आणि प्रत्येक वस्तूपुढे देणाऱ्याचे नाव, त्याच्या इच्छेनुसार, राहील. एकही वस्तू विकली जाणार नाही. नियामक मंडळावर शासनाचा प्रतिनिधी घेण्यास आम्ही तयार आहोत. दुर्दैवाने संस्था बंद पडलीच, तर संपूर्ण संग्रह शासकीय संग्रहालयाकडे जाईल, कोणत्याही खाजगी व्यक्तीकडे जाणार नाही. दार उघडण्याचे, माहिती सांगण्याचे आणि घरोघर जाऊन वस्तू मिळवण्याचे काम आम्ही विनामोबदला करीत राहू.

संविधानाच्या अनुच्छेद ५१क ने आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. वाईचे नागरिक आपल्या परीने ते पार पाडत आहेत. १२ व्या अनुसूचीने सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देणे हा नगरपालिकांच्या कामाचा भाग मानला आहे. नागरिक आणि शासन या दोघांनी आपापला वाटा उचलला, तर या कामाला फार मोठा खर्च लागणार नाही.

तरी आपण कृपया संग्रहालयास प्रत्यक्ष भेट द्यावी, नगरपरिषद, पुरातत्त्व व पुराभिलेख विभाग यांच्या अधिकाऱ्यांसह ३० दिवसांच्या आत बैठक बोलवावी आणि मागणी क्रमांक १ व ७ वर त्याच बैठकीत निर्णय द्यावा, ही आग्रहाची विनंती. वाडा पावसाळ्यानंतर उतरवला जाणार आहे. त्याआधी या संग्रहाला छप्पर मिळाले पाहिजे.

आपले विश्वासू,
स्थानिक इतिहास संग्रहालयाचे स्वयंसेवक व वाईचे नागरिक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

स्थळ : वाई, जिल्हा सातारा

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य
२. मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र राज्य
३. मा. मुख्याधिकारी, वाई नगरपरिषद