हत्यारांना तेल मृगापूर्वी

खंडेनवमीच्या दिवशी सुतार आपली करवत, पटाशी, रंधा व वाकस घासूनपुसून मांडतो. शेतकरी कोयता, कुदळ व पहार यांना गंधफूल वाहतो. चाल उत्तम आहे. परंतु हत्यारांच्या प्रकृतीच्या दृष्टीने पाहता ती चार महिने उशिरा येते. कोकणात पाऊस लागतो जूनमध्ये आणि नवमी येते आश्विनात; मधल्या काळात गंजाने आपले काम उरकलेले असते. पूजा नवमीसच व्हावी. साफसफाई व तेल मात्र मृगापूर्वी व्हावयास हवे.

गव्हावर तांबेरा दिसताच देशावरचा शेतकरी सावध होतो. लोखंडावरच्या तांबेऱ्याची तितकी धास्ती कोणी घेत नाही. गंज चढण्यास हत्यार पावसात भिजावेच लागते असे नव्हे. लोखंड, हवेतील प्राणवायू व पाणी यांची गाठ पडली की पुरे, आणि हे पाणी दमट हवेतूनही मिळते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढू लागतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पावसाळ्यात ती दिवसच्या दिवस याहून पुष्कळ अधिक असते. त्यात किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याची भर. म्हणूनच चिखलात रोज राबणारे फावडे लखलखीत राहते आणि सुताराच्या पेटीत स्वस्थ पडलेली पटाशी खराब होते. गंजाने पटाशीच्या सपाट पाठीवर खड्डे पडले की ते पुढे धारेशी येतात, आणि कितीही पाजळले तरी धार दातेरीच राहते.

ठेवण्याच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पूर्वी चुलीच्या उबेजवळ एखादी फळी असे. अनेक घरी गॅस आला आणि ती कोरडी जागा गेली. आता हत्यारे खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली, किंवा खताच्याच रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली आढळतात. याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. युरिया हवेतील ओलावा ओढून घेतो, पोटॅशच्या खतातील क्लोराइड लोखंडास खाते, आणि प्लॅस्टिक आतला दमटपणा बाहेर जाऊ देत नाही. जमिनीवर, ओल्या भिंतीला टेकून किंवा ओलसर भुशातही हत्यार ठेवू नये.

उपाय स्वस्त आहे. माती व भुसा झाडावा, रंध्याचे पाते सोडवून आतील ढलप्या काढाव्यात, गंज पॉलिश कागदाने घासावा, कोरड्या फडक्याने पुसून यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. घामातही मीठ असते. म्हणून हाताळल्यावर पुन्हा पुसावे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास पाहणी करावी. गोडेतेल कालांतराने चिकट होते. गाडीचे जळके तेल फुकट मिळते खरे, पण ते कातडीस अपायकारक आहे.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारास हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे. हत्यारे हाती पडली म्हणजे काम झाले, असे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजू नये. मे महिन्यातील एका सभेत गावच्या सुताराकडूनच तेल देण्याचे प्रात्यक्षिक करवावे. लोक त्याचे अधिक ऐकतात. दांड्यांना जवसाचे तेल लावले असल्यास त्याची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत.