बोटावर येण्याआधी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक नवा पाहुणा आला. धाकटीला पोपट हवा होता. हिरवागार, लाल चोचीचा, "मिठू मिठू" करणारा. बाजारात चौकशी केली तेव्हा एक जण आवाज खाली आणून म्हणाला, "पिल्लू मिळेल, पण कुठून आणलं ते कुणाला सांगू नका." त्या दबक्या आवाजानेच आम्ही सावध झालो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्या रानातले पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. ओसरीवर टांगलेले पिंजरे पाहत वाढलेल्या आपल्या घरांना हे अजून खरे वाटत नाही.

म्हणून आम्ही कॉकाटील आणला. ही जात मूळची ऑस्ट्रेलियातली, पण आमचे पिल्लू इथेच पिंजऱ्यात जन्मलेले. राखाडी अंग, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. वय सुमारे दहा आठवडे, म्हणजे स्वतः दाणे खाऊ लागलेले. हाताने भरवावे लागणारे पिल्लू लवकर माणसाळते असे सांगतात, पण नवख्याने ते घेऊ नये. घास श्वासनलिकेत गेला की ते दगावते.

पहिले तीन-चार दिवस त्याला फक्त राहू द्यायचे, असे आम्ही सर्वांना बजावले होते. पाचव्या दिवशी धाकटीच्या मैत्रिणी आल्या. त्यांना दाखवण्यासाठी तिने पिंजऱ्यात हात घातला आणि पिल्लू मुठीत धरले. ते कडाडून चावले, हातातून सुटले आणि घरभर भिरभिरत कपाटामागे जाऊन पडले. वीज गेली होती म्हणून छताचा पंखा बंद होता, अल्लाहचे आभार. नाही तर काय झाले असते, ते मनात आणवत नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने दाण्याला चोच लावली नाही. पुढे कोणाचाही हात पिंजऱ्याजवळ गेला की तुरा डोक्याला चिकटवून ते फुत्कारू लागले. यात त्याचा दोष नव्हता. वरून झडप घालणारी वस्तू म्हणजे शिकारी, हे पाखराच्या रक्तातच असते. आमच्या हाताची पहिली ओळख त्याला तशीच झाली होती.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला आठवडा नुसते पिंजऱ्याशेजारी बसायचे, हळू बोलायचे, हात मांडीवर. दुसऱ्या आठवड्यात गजांतून राळ्याचे कणीस पुढे धरायचे. ते नसले तर बाजरीचे चालते. तेही ठरावीक वेळी, दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. हे कणीस एरवी वाटीत ठेवायचे नाही, म्हणजे हाताशी त्याची गोड आठवण जोडली जाते. त्यानंतर दार उघडून तळहातावर कणीस. शेवटी बोट, तेही वरून नाही, समोरून आणि खालून, पायांच्या जरा वर छातीला हलकेच टेकवून, दर वेळी एकच शब्द म्हणत: "ये."

तुरा वाचायला शिकलो, तेव्हा निम्मे काम सोपे झाले. तुरा ताठ उभा असला की ते दचकलेले आहे. डोक्याला सपाट चिकटला की घाबरले किंवा रागावले आहे, तिथे थांबायचे. मागे सैलसर कललेला असला की पुढे जायला हरकत नाही. चावले तर ओरडायचे नाही आणि हात झटकायचा नाही, शांतपणे मागे घ्यायचा. धाकटीला हे सर्वांत जड गेले.

या काळात अम्मी मात्र काहीच करत नव्हत्या. असरनंतर तस्बीह घेऊन पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीत बसायच्या, एवढेच. एकदा आपणहून म्हणाल्या, "माझ्या माहेरी मिठू होता. सलाम करायचा, घरातल्यांची नावं घ्यायचा. गोल पिंजरा, पंखसुद्धा नीट उघडायचे नाहीत. अकरा वर्षं होता. आम्ही त्याच्याकडून बोलणं तेवढं मागितलं. तो कधी कुणाच्या हातावर आला नाही, आणि आम्हालाही त्याचं काही वाटलं नाही."

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून पिंजऱ्याचे दार उघडे ठेवले. पिल्लू बराच वेळ दारात बसले. मग उडाले आणि अम्मींच्या गुडघ्यावर उतरले. तस्बीहचा मणी चोचीत धरून पाहू लागले. अम्मी हलल्या नाहीत. धाकटी उंबऱ्यात तोंडावर हात धरून उभी होती. तिच्या बोटावर ते आणखी नऊ दिवसांनी आले.

घरी पाखरू आणणाऱ्यांसाठी एवढे सांगावेसे वाटते. पिंजरा इतका रुंद हवा की दोन्ही पंख पसरता येतील. बसायला पेरूची खरबरीत डहाळी द्यावी. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूर पाखराचा जीव घेतो. नुसत्या दाण्यांवर ठेवू नये. पालक, कोथिंबीर, गाजर, कोवळा मका द्यावा. चहा, चॉकलेट, खारट पदार्थ, अ‍ॅव्होकॅडो मुळीच नको. दहा-बारा तास झोप हवी. कॉकाटील अंधारात दचकून फडफडतो, म्हणून रात्री मंद दिवा असू द्यावा. पाखरू आजार लपवते. पिसे फुगवून गप्प बसले, खाणे सोडले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. आणि हे पाखरू पंधरा वर्षे, कधी त्याहून अधिक जगते. आज हट्ट करणारे मूल तोवर शिकायला किंवा सासरी गेलेले असेल. दाणापाणी पाहणारे माणूस कोण, ते घरात आधी ठरवावे.

आमचा पाहुणा अजून एकही शब्द बोलत नाही. त्याचे कोणी मनावरही घेत नाही. असरनंतर मात्र तो खुर्चीकडे पाहून शीळ घालतो, आणि अम्मींना यायला उशीर झाला तर घालतच राहतो.