युद्ध कुठे संपते, कादंबरी कुठे थांबते

इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात १३३७ ते १४५३ या काळात जो संघर्ष चालला, त्याला ‘शंभर वर्षांचे युद्ध’ हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. लढणाऱ्या पिढ्यांना अशा एकाच अखंड युद्धाची कल्पना असणे शक्य नव्हते. युद्धाची लांबी मागाहून मोजली जाते. आपल्याकडील ‘मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध’ हे नावही असेच इतिहासकारांनी दिलेले.

भिवंडीजवळचे वडपे आज मुंबई-नाशिक महामार्गावरील गोदामांचे गाव आहे. हा कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजीराजांनी १६५७ मध्ये घेतला. पुढे संभाजीराजांच्या कारकिर्दीत मोगल फौजा येथे उतरल्या. अशा गावाला १६८९ मध्ये छत्रपतींच्या वधाने युद्ध संपल्यासारखे वाटले असेल काय? रायगड पडला, राजाराम जिंजीला गेले, १७०० मध्ये तेही निवर्तले. ताराबाईंनी लढा चालवला आणि औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगर येथे मरण पावला. वधानंतरही युद्ध अठरा वर्षे चालले.

आपली सर्वाधिक वाचली गेलेली ऐतिहासिक कादंबरी मात्र नायकाच्या मृत्यूपाशी थांबते. ‘श्रीमान योगी’ १६८० पाशी, ‘छावा’ आणि ‘संभाजी’ १६८९ पाशी. नंतरच्या काळावर लेखन झालेच नाही असे नव्हे. पण वाचकाच्या मनात युद्धाचा शेवट बलिदानात होतो. शेक्सपिअरने विजयी पाचव्या हेन्रीबरोबरच फ्रान्स गमावणाऱ्या सहाव्या हेन्रीलाही रंगभूमीवर आणले, हे येथे लक्षात घ्यावे.

माझ्या मते, दीर्घ युद्धाची खरी जाण आपल्याला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. जिंजीच्या काळात मागे राहून महाराष्ट्रातला कारभार सांभाळणाऱ्या माणसाचा हा ग्रंथ. त्यात दुर्गांना राज्याचे सार मानले आहे. आणि आरमाराच्या लाकडासाठीही रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे तिने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असेही बजावले आहे. हे झाड वाढायला किती वर्षे लागतात याचा हिशेब करणारे राजकारण आहे.

वर्गात ‘आज्ञापत्र’ केवळ जुन्या गद्याचा नमुना म्हणून शिकवणे म्हणूनच अपुरे ठरते. नायक गेल्यानंतर लोक कसे टिकतात, हा कादंबरीने बव्हंशी सोडून दिलेला प्रश्न त्यात आहे. तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे.