घर घेऊन निघालेला पाहुणा

प्रवासाला निघायचे म्हणजे घर मागे ठेवायचे, ही समजूत आता जुनी झाली. जिच्यात निजण्याच्या फळ्या आहेत, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि एका कोपऱ्यात लहानसे न्हाणीघर व शौचकूपही आहे, अशी मोटार आपल्याकडे कॅराव्हॅन या नावाने ओळखली जाऊ लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आखले. नाशिकसारख्या शहरातील एखाद्या कुटुंबाने असे फिरते घर भाड्याने घ्यावे, सह्याद्री उतरून समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा गावी जावे आणि लाटांचा आवाज ऐकत दोन रात्री काढाव्यात, ही कल्पना कोणालाही मोहक वाटेल. ती मोहक आहेच. परंतु तिची आखणी ज्या क्रमाने होते, तो क्रम मात्र बहुधा उलटा असतो. प्रथम वाहन ठरते, मग सामानाची यादी होते, मग रस्ता शोधला जातो, आणि ज्या गावी जायचे त्या गावाचा विचार अगदी शेवटी, वाहन उभे करण्याची एक जागा म्हणून होतो.

उदाहरणासाठी बोर्डी हे गाव घ्यावे. पालघर जिल्ह्यात, डहाणूपासून सुमारे सतरा किलोमीटर उत्तरेला, गुजरातच्या सीमेलगत हे गाव वसलेले आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार या वाटेने गेल्यास अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. गावाच्या एका अंगाला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडे, आणि त्यांच्यापलीकडे सपाट, लांबच लांब किनारा. नाशिकशी या गावाचा जुना ऋणानुबंधही आहे. ज्या गोखले एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-महाविद्यालयांतून नाशिकच्या कित्येक पिढ्या शिकल्या, तिचीच शाळा बोर्डीतही आहे. अशा गावी जाताना नाशिककराने परक्यासारखे जावे, हे काही बरे दिसत नाही.

फिरत्या घरातून सहलीला जाण्याची हौस पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टराने १८८५ साली केवळ आनंदप्रवासासाठी असे घर बांधवून घेतले. त्याला दोन घोडे जुंपलेले असत, आणि डॉक्टरांचा सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे की नाही, हे पाहत असे. या थाटाचे हसू आले तरी माणूस पुढे पाठवण्यातला शहाणपणा नाकारता येणार नाही. आपल्याकडे हा शहाणपणा अधिक खोल मुरलेला आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाते. तीन आठवड्यांहून अधिक काळ हजारो माणसे रस्त्यावर असतात. त्यांच्याबरोबर राहुट्या असतात, भांडीकुंडी, शिधा आणि पाण्याचे टँकर असतात. म्हणजे तेही एक चालते गावच! परंतु कोणता मुक्काम कोठे, कोणत्या दिंडीची पंगत कोणाच्या अंगणात, हे वर्षानुवर्षांच्या संबंधांनी ठरलेले असते. सामानाची गाडी पुढे जाते, पण त्याआधी निरोप गेलेला असतो. मुक्कामाचे गाव वारकऱ्यांची वाट पाहत असते, आणि याचे कारण एवढेच की, त्याला आधी विचारलेले असते.

बोर्डीला निघणाऱ्या कुटुंबानेही हेच करावे. वाहन ठरवण्याआधी गावात निरोप धाडावा. ग्रामपंचायतीत विचारावे, एखाद्या वाडीच्या मालकाला विचारावे. तीन मीटरांच्या आसपास उंची असलेले वाहन बागांमधल्या बोळांतून जाईल काय? फांद्या मोडतील काय? रात्री यंत्राचा आवाज झाला तर पहाटे कामावर निघणाऱ्यांची झोपमोड होईल काय? हे प्रश्न क्षुद्र वाटतात. पण ज्याच्या फांद्या मोडतात, त्याला ते क्षुद्र वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अशा वाहनाच्या टाकीत शंभर-दीडशे लिटर पाणी सहज मावते. शहरात नळ सोडला की टाकी भरते आणि तिचा हिशेब कोणाच्या मनातही येत नाही. पण हाच रस्ता मोखाडा आणि जव्हार या तालुक्यांतून जातो. तेथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि डोंगरउतारावरून ते सारे पाणी वाहून गेले की उन्हाळ्यात तेथील पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी दूरदूर चालतात. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर प्रवाशाची एक टाकी म्हणजे असे आठ-दहा हंडे. वाटेतल्या एखाद्या विहिरीवर किंवा हातपंपावर वाहन थांबवून ती भरून घेणे, याला कायद्याने कदाचित कोणी चोरी म्हणणार नाही; तिला दुसरे काय म्हणावे, हे मात्र सुचत नाही. समुद्रकाठीही स्थिती फारशी निराळी नसते. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून अतोनात उपसा झाला की गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेते, आणि एकदा बिघडलेली विहीर लवकर सुधारत नाही. म्हणून गंगापूर धरणाचे पाणी नाशिकमध्येच भरून घ्यावे आणि ते दोन दिवस पुरवावे. ते पुरत नसेल, तर आंघोळी आखूड कराव्यात.

समुद्राचेही काही म्हणणे असते. किनाऱ्यावरची ओली वाळू ओहोटीच्या वेळी टणक दिसते आणि जड वाहन थेट लाटांजवळ नेण्याचा मोह होतो. मग चाके रुततात, भरती येते, आणि ज्या कोळ्यांना कोणी काही विचारले नव्हते, त्यांनाच दोर घेऊन धावावे लागते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा फजितीच्या वार्ता वारंवार ऐकू येतात. वास्तविक भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक असतो : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने हाती येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. दिवसा एकदा आणि सुमारे बारा तासांनी पुन्हा एकदा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, आणि खंबायतच्या आखाताकडे जावे तसतसे भरती-ओहोटीच्या पातळ्यांतले अंतर वाढत जाते. बोर्डी त्याच वाटेवर आहे. सहलीचा दिवस नाशिकच्या सुट्टीवरून ठरतो, हे खरे. तरी पंचांगाचेही एक पान उलटून पाहावे. शिवाय किनारा ही नुसती वाळू नव्हे. शेजारच्या झाईसारख्या गावी तो कोळ्यांचा कारखाना आहे, अंगण आहे. तेथे होड्या ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, मासळी वाळत असते. कोणाच्या अंगणात आपण मोटार घालीत नाही.

राहिला प्रश्न घाणीचा. पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख अनेकांना रुचणार नाही. पण फिरत्या घराला शौचकूप असते, त्याखाली टाकी असते आणि ती केव्हातरी रिकामी करावीच लागते. कोठे? सुरूच्या झाडीत? ओढ्यात? नाशिककराला याचे उत्तर कोणी शिकवण्याची गरज नसावी. त्याचे गाव दर बारा वर्षांनी सिंहस्थाचे यजमानपद भोगते. २०१५ साली तपोवनात साधुग्राम उभारताना रस्ते, नळ आणि शौचालये यांची केवढी जुळवाजुळव करावी लागली, ते या शहराने पाहिले आहे. पाहुणे आपली घाण गोदावरीच्या हवाली करून निघून गेले, की मागे राहणाऱ्यास काय वाटते, हेही त्याला ठाऊक आहे. ही यजमानाची वेदना पाहुणा होताच विसरून जाणे, हा माणसाचा नेहमीचा दुबळेपणा होय. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक असल्याचे केंद्र शासनाने १९९१ सालीच जाहीर केले आहे. पण ते जाहीर झाले नसते, तरी भरलेली टाकी घेऊन घाट चढणे प्रवाशाचेच काम राहिले असते.

येथे कोणी म्हणेल, “आम्ही अन्न, पाणी, अंथरूण सारे बरोबर नेतो. गावाला आमचा भार कसला?” या म्हणण्यात तथ्य आहे. वृद्धांना, लहान मुलांना आणि विशेषतः स्त्रियांना लांबच्या रस्त्यावर स्वच्छ शौचालय मिळत नाही, तेव्हा असे वाहन ही चैन नसून सोय असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सारे काही बरोबर नेणारा मनुष्य गावाला काही देतही नाही, हे विसरता कामा नये. तो गावातल्या खाणावळीत जेवत नाही, कोणाच्या पडवीत टेकत नाही, कोणाकडे मीठसुद्धा मागत नाही. तो जागा, वारा आणि दृश्य तेवढे वापरतो. म्हणून फिरत्या घराचे फडताळ निम्मे रिकामेच ठेवून निघावे. घोलवडचे चिकू घोलवडला घ्यावेत, मासळी कोळणीकडून घ्यावी, भाकरीसाठी एखाद्या घरी आधी सांगून ठेवावे. ज्याला काही लागते, तोच पाहुणा होऊ शकतो. ज्याला काहीच लागत नाही, तो नुसता मुक्काम ठोकणारा.

याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुलांना शिकवण्यासाठी येऊन राहिल्या. गोरगरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचा उगम तो. महागडी साधने बाहेरून आणीत बसण्यापेक्षा गावात सापडणाऱ्या बिया, खडे, शिंपले यांवरच त्यांनी भागवले. त्याही बाहेरूनच आल्या होत्या. पण येताना त्यांनी फार थोडे आणले आणि गावापाशी पुष्कळ मागितले. पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम वाढले. बोर्डीला जाणाऱ्या मुलांना निम्मा दिवस लाटांत खेळू द्यावे आणि उरलेल्या दिवसात ती टेकडी दाखवून आणावी.

परतीच्या दिवशी घाटाची वाट अंधार पडण्यापूर्वी गाठावी. जव्हार-मोखाड्याच्या वळणांवर उंच वाहन रात्री सांभाळणे कठीण जाते. निघण्यापूर्वी वाहनाखालची जमीन एकदा वाकून पाहावी, चुलीची राख, कागद, फळांच्या साली गोळा कराव्यात, आणि ज्याच्या वाडीत मुक्काम केला, त्याला आपण निघालो असे सांगून मगच चाके हलवावीत.