वर्गणीचा दशांश तरुणांच्या हाती

गणपती म्हणजे गणांचा अधिपती. त्याच्या उत्सवात गणाच्या, म्हणजे समाजाच्या, रक्षणाचा विचार नसेल तर ती पूजा अपुरीच म्हणावी लागेल.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आरंभिली. तंटे सामोपचाराने मिटविणाऱ्या गावांस लोकसंख्येनुसार १ ते १० लाख रुपयांचे पारितोषिक ठेविले. रक्कम माफक, परंतु गावाला एकत्र बसण्यास निमित्त मिळाले. जेथे पारितोषिकाबरोबर बैठकही सरली, तेथे द्रव्य मिळाले, फळ निसटले, असे आम्ही समजतो.

मग शासनाचीच वाट का पाहावी? श्रीनागनाथांच्या मोहोळात उत्सवाची वर्गणी दरवर्षी जमतेच. प्रत्येक मंडळाने तिचा दशांश तरुणांच्या स्वाधीन करावा. त्यातून अंधाऱ्या बोळात दिवा लागेल, रात्रीची गस्त चालेल, तालमीत नवी माती पडेल. मुले पैसा उधळतील, ही वडीलधाऱ्यांची शंका आम्ही जाणतो. म्हणून एकच अट असावी: अनंत चतुर्दशीनंतर त्यांनी पै-पैचा हिशेब देवळात सर्वांसमक्ष वाचावा. विश्वास टाकल्यावाचून जबाबदारी अंगी बाणत नाही. विसर्जन मूर्तीचे होवो, संघटनेचे नव्हे.