बोहारीण, अंडरटेकर आणि सोनेरी चारिझार्ड

नगरला ट्रेडिंगची एक संध्याकाळ असते आणि मी तिथे जातो, असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "डीमॅट कुठलं वापरतोस?" मग सांगावं लागतं की बाबांनो, शेअर नाही, कार्डं! पोकेमॉनची, क्रिकेटची, डब्ल्यूडब्ल्यूईची. दुसरा प्रश्नही ठरलेलाच: "मग त्यात रिटर्न किती?"

पहिल्या प्रश्नाला मी हसतो. दुसऱ्याचं मात्र हसू येत नाही, कारण तो आता ऑफिस सोडून त्या संध्याकाळीसुद्धा येऊन बसायला लागलाय.

आधी ही भानगड काय ते सांगतो. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सावेडीतल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर वीस-पंचवीस लोक जमतात. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय.) तिकीट नाही, बॅनर नाही. टेबलं जोडायची, कप्पे-कप्पे असलेल्या प्लॅस्टिकच्या फायली उघडायच्या आणि चहा सांगायचा. कॉलेजची पोरं असतात, माझ्यासारखे पुण्याहून शनिवार-रविवार घरी आलेले असतात, आई-बाबांचा हात धरून आलेली पाचवी-सहावीतली मुलं असतात. आणि एक निवृत्त काका, ज्यांचा कार्डांशी काडीचा संबंध नाही. ते शिवराया घेऊन येतात.

पुण्यात कर्वे रोडच्या सोनल हॉलमध्ये भरलेलं कॉइनेक्स ज्यांनी पाहिलंय त्यांना प्रदर्शन म्हणजे काय ते माहीत असेल. रांगेने व्यापाऱ्यांची टेबलं, काचेखाली नाणी, हातात भिंग. ते छानच असतं, पण तिथे आपण गिऱ्हाईक असतो. इथे सगळेच गिऱ्हाईक आणि सगळेच दुकानदार. काकांच्या शिवरायांवर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण या अनेक टाकसाळींतून पडल्या, ठसे कोरणारे हात वेगळे, त्यामुळे कुठे अक्षर तिरकं, कुठे काना गायब, कुठे मधे दोन आडव्या रेघा. त्या दुदांडी. काका एकेक नाणं मुलांच्या तळहातावर ठेवतात आणि फरक शोधायला लावतात. निजामशाहीचं काही विचारलं की म्हणतात, आपल्या गावात वस्तुसंग्रहालय आहे ना, तिथे जाऊन बघा. ते नाणी विकत नाहीत. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि त्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो, हेही मुलांना न विचारता सांगून टाकतात. :)

असो. मुद्दा अदलाबदलीचा आहे.

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत हेच चालायचं. ट्रम्प कार्डं! रँक, उंची, वजन, छाती, दंड... जो आकडा मोठा त्याचं कार्ड. अंडरटेकर कुणी सुखासुखी द्यायचं नाही. पण 'डबल' असला तर बोलणी सुरू व्हायची. दोन साधी कार्डं, वर चीटोजच्या पाकिटातला एक पोकेमॉनचा टाझो, आणि उद्याची माझी कॅडबरी. हा भाव कुठे छापलेला नव्हता. तो त्या दोघांत, त्या दिवशी, त्या पायरीवर ठरायचा.

आणि घरी? घरी बोहारीण यायची. आईची जुनी साडी आणि बाबांच्या दोन पँटी, त्या बदल्यात स्टीलचं पातेलं. अर्धा तास घासाघीस. बोहारीण उठून निघून जाण्याचं नाटक करायची, आई दार लावण्याचं. शेवटी बोहारणीला साडी स्वस्त पडली असं वाटायचं आणि आईला पातेलं जवळजवळ फुकट मिळालं असं. दोघींचंही खरंच होतं. आईच्या कपाटात त्या साडीला किंमत नव्हती आणि बोहारणीच्या पाटीत पातेल्यांची थप्पी होती. अदलाबदल होते ती दोघांच्या हिशेबात फरक असतो म्हणून. दोघांच्या डोक्यात एकच आकडा असेल तर व्यवहाराचं कारणच उरत नाही.

आता त्या टेबलावर नेमकं हेच व्हायला लागलंय. कुणी फाईल उघडली की समोरचा मोबाइल काढतो, कार्डावर कॅमेरा धरतो आणि अ‍ॅप डॉलरमधला आकडा दाखवतं. मग "माझं बारा डॉलरचं, तुझं नऊचं, वर तीनचं काय देतोस?" संपलं! वजाबाकी आहे ही, ट्रेड कुठला. गंमत म्हणजे तो आकडा अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या बाजाराचा. सावेडीत ते कार्ड त्या भावाने घेणारा माणूस सापडेलच असं नाही.

यामागे काय आहे ते कळतं. १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं मिकी मँटलचं बेसबॉल कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे शंभर कोटी रुपये. अशी बातमी वाचल्यावर प्रत्येकाला आपल्या ड्रॉवरात घबाड दिसायला लागतं. कार्डं तपासून १ ते १० मार्क देणाऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून पाठवणाऱ्या कंपन्याही आहेत. पेटीतलं कार्ड परत हाताळायचंच नाही. मला विचाराल तर ती कार्डाची मुदत ठेव झाली.

पण मला खरा त्रास झाला तो सोनेरी चारिझार्डचा.

खेळण्यांच्या दुकानात सोनेरी पोकेमॉन कार्डांचे डबे मिळतात, पंचावन्न कार्डं, शंभर-दीडशे रुपयांत. सगळी नकली. अस्सल दहा कार्डांचं एक पाकीट काहीशे रुपयांना पडतं, त्यामुळे नगरच्या मुलांच्या खिशात हीच असतात. मागच्या खेपेला सहावीतला एक मुलगा असा अख्खा डबा घेऊन आला. पलीकडच्या पोराने त्यातल्या चारिझार्डवर कॅमेरा धरला. अ‍ॅपला काही सापडेना. मोबाइल खाली ठेवून तो म्हणाला, "कचरा आहे." टेबलावर दोघे-तिघे हसले. मुलाने डबा बंद केला आणि बाबांकडे जाऊन बसला.

आता बघा. नकली ते नकली, हे सांगायलाच हवं. मुलाला ते ओळखायलाही शिकवावं. अस्सल पोकेमॉन कार्डाच्या कडेकडे नीट पाहिलं तर मधे काळसर बारीक थर दिसतो, पाठीच्या निळ्या रंगाची छटा ठरलेली असते, आणि नकली कार्डावर बऱ्याचदा स्पेलिंगच चुकलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि मुलांना ते डिटेक्टिव्हगिरीसारखं आवडतं. पण एकदा सांगून झालं की पुढे त्या दोन मुलांचं ते बघून घेतील! त्याच टेबलावर चौथीतली एक मुलगी त्या सोनेरी चारिझार्डकडे डोळे लावून बसली होती. तिला नकली असल्याचं कळलं होतं, तरी हवा होता. आपण तरी कोण मोठे लागून गेलो? आपल्यातल्या कितीजणांनी पहिला प्रोग्राम पायरेटेड विंडोजवर लिहिला, हात वर करा.

याची दुसरी बाजू मला मान्य आहे. अ‍ॅप नसतं तर एखादा चलाख दादा लहान मुलाचं चांगलं कार्ड पाच चकचकीत कार्डांच्या बदल्यात उचलून नेईल. असं होतंच. शाळेतही व्हायचं आणि तिथला नियम क्रूर होता: घेतलं ते घेतलं. त्यामुळे मोबाइलवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. विकत घ्यायचं असेल तर खुशाल भाव बघा. पण मोठ्या माणसाचा लहान मुलाशी ट्रेड झाला, तर तो पुढच्या महिन्याच्या भेटीपर्यंत मुलाला परत फिरवता यावा. आपण रोज ऑफिसात रोलबॅकची सोय केल्याशिवाय एक ओळ लाइव्ह करत नाही, मग दहा वर्षांच्या पोराला एक अनडू द्यायला काय जातंय? ज्याला हे नको असेल त्याने मोठ्यांशीच व्यवहार करावा. ग्रुपवर मी हे टाकलंय. तिघांनी अंगठा दाखवलाय, एकाने "मग तो ट्रेड कसला" असं लिहिलंय, काकांनी गुड मॉर्निंगचं फूल पाठवलंय.

त्या सोनेरी डब्यावाल्या मुलाच्या बाबांना मी फोन केलाय, पुढच्या वेळी त्याला घेऊन या म्हणून. बघू म्हणाले. तुम्ही येणार असाल तर घरातले डबल घेऊन या, मग ते क्रिकेटचे असोत नाहीतर टाझो. पुण्याहून निघणार असाल तर वाघोलीच्या ट्रॅफिकचा एक तास वेगळा धरा. आणि काकांसाठी कुणाकडे नीट वाचता येणारी शिवराई असेल तर मला आधी सांगा, त्यांच्याकडे त्या बदल्यात द्यायला एक दुदांडी आहे.