भरतीचं वय गेलं, धावण्याचं नाही

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात पहाटे रस्त्यानं कुणी धावताना दिसलं, की लोक एकच अर्थ काढतात: पोलीस भरती. अर्थ बहुतेकदा बरोबरही असतो. भरतीत पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर धावावं लागतं आणि गुण सेकंदांवर ठरतात. भरती हुकली, वयाची अट ओलांडली, की बूट माळ्यावर जातात. तोच गडी पन्नाशीत पुन्हा धावू लागला तर पारावरून विचारणा होते, "काय भाऊ, आता कोनत्या भरतीत चालले?"

थट्टेमागोमाग आक्षेप येतात. पहिला गुडघ्यांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठानं 1984 पासून पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांचा आणि न धावणाऱ्यांचा माग ठेवला. 19 वर्षांनी न धावणाऱ्यांपैकी 34 टक्के वारले होते, धावणाऱ्यांपैकी 15 टक्के. गुडघ्यांचे एक्स-रेही पाहिले. धावणाऱ्यांची झीज जास्त निघाली नाही. मुळात धडधाकट माणसंच धावतात, हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय धावण्याला देता येणार नाही. पण "धावलं की गुडघे जातात" हा दावा मात्र टिकत नाही. आधीच दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. तो आधी डॉक्टरला दाखवावा.

दुसरा आक्षेप, गेलेला दम परत येत नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीन आठवड्यांच्या झोपण्यानं त्यांचा जेवढा दम घटला होता, तेवढा तीस वर्षं वय वाढल्यानंही घटला नव्हता! पुढे सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल एवढ्यावर पन्नाशीतले हे गृहस्थ विशीतल्या मूळ पातळीवर आले. कॅनडातल्या एड व्हिटलॉक यांनी तरुणपणी सोडलेलं धावणं चाळिशीत पुन्हा धरलं आणि 2004 मध्ये, 73 व्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली.

तिसरा आक्षेप, "शेतात राबतोच की!" हे म्हणणारा पुष्कळदा मोटारसायकलनं बांधावर जातो, ते सोडून देऊ. डवरणी, वेचणीत कंबर मोडते. पण वीस-पंचवीस मिनिटं सलग दम लागावा, असं त्यात रोज होतंच असं नाही.

राहिलं हसणं. हसणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. बारामतीजवळच्या शेतमजूर लता भगवान करे 2014 मध्ये साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. नवऱ्याच्या उपचारांना पैसे नव्हते म्हणून त्या धावल्या, हे मात्र विसरू नये.

खरा धोका जुन्या घड्याळात आहे. पंचविशीतली 1600 मीटरची वेळ डोक्यात ठेवून पहिल्याच दिवशी सुटलेला माणूस आठवड्यात लंगडतो. हृदय काही आठवड्यांत सरावतं. टाचेमागच्या घोडशिरेला महिने लागतात. म्हणून सुरुवातीला मिनिटभर धावावं, दोन मिनिटं चालावं, सोबत्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. रक्तदाब, साखर आधी तपासून घ्यावी. छातीत दुखत असेल तर धावूच नये. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत परतावं. फवारणीच्या दिवसांत शिवाराची वाट सोडून शाळेचं मैदान धरावं. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारा चालू असलेल्या कपाशीशेजारून मोठमोठे श्वास घेत जाण्यात काही अर्थ नाही.